मावसाजी सावकाश मरतात

आमच्या मावसाजींइतक्या वेळा, इतक्या प्रकारांनी आणि इतक्या हौसेनं मेलेला माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. हे मी त्यांच्या हयातीत आणि त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. लिहून झालं की त्यांना वाचूनही दाखवावं लागणार, कारण स्वतःच्या मरणाच्या बाबतीत ते फार चोखंदळ आहेत. मावसाजी म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. घराणं जळगावकडचं, पण तरुणपणीच नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरी लागली आणि ते मध्य प्रदेशचे होऊन गेले. निवृत्तीनंतर त्यांनी बुऱ्हाणपुरात बुधवाऱ्याच्या मागच्या गल्लीत घर घेतलं. कारखान्यात ते नेमकं काय काम करायचे हे मला आजही सांगता येणार नाही, कारण त्यांच्या तोंडून मी कारखान्याबद्दल कधी काही ऐकलंच नाही. ऐकलं ते सगळं गणपतीतल्या नाटकांबद्दल. कारखान्यातल्या मराठी मंडळींचं एक हौशी नाट्यमंडळ होतं आणि त्यात मावसाजी मरायचं काम करायचे.

सुरुवात अगदी साधी झाली होती. एका ऐतिहासिक नाटकात त्यांना पहारेकऱ्याचं काम मिळालं. पडदा उघडला की शत्रूनं मागून येऊन खंजीर खुपसायचा, पहारेकऱ्यानं पडायचं आणि नाटक पुढे जायचं, एवढाच मामला. मावसाजी पडलेच नाहीत. ते आधी डगमगले, मग त्यांनी खांब धरला, खांब सोडून भाला धरला, आईला हाक मारली, महाराजांना हाक मारली, एका गुडघ्यावर आले आणि पुन्हा उठले. शत्रूचं काम करणारे अकाउंट्स खात्यातले गृहस्थ, आपला खंजीर नीट लागला की नाही या शंकेनं पुन्हा पुढे सरसावले, तर मावसाजींनी त्यांना नुसत्या डोळ्यांनी जागच्या जागी थांबवलं. शेवटी ते पडले तोवर विंगेत उभा असलेला नायक आपलं पहिलं वाक्य विसरला होता आणि समोर टाळ्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. त्यानंतर मंडळानं त्यांना दुसरं काम कधी दिलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही. "बोलायचं काम कोणीही करते रे भैया," ते मला म्हणायचे, "वाक्यं लिहिणारानं लिहून देलेली असतात. मरणाऱ्याले कोणी काही लिहून देत नाही. तिथं माणसाले सोताचं काढा लागते."

मग ते तलवारीनं मेले, विषानं मेले, कड्यावरून पडून मेले, पुत्रशोकानं मेले. एकदा मरून पडल्यावर त्यांना शिंक आली. दुसऱ्या कोणाची पाचावर धारण बसली असती. मावसाजी उठून बसले, प्रेक्षकांकडे बघून "घाव खोल नव्हता" असं म्हणाले आणि पहिल्यापेक्षा चांगलं मरून दाखवलं. डोईफोडियाला, पार जंगलाच्या कडेला, मंडळाचा प्रयोग झाला तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना 'वन्स मोअर' दिला आणि त्यांनी तो घेतला. पुन्हा दिला, पुन्हा घेतला. पुढचं नाटक बहुधा झालंच नाही. परत निघताना एक म्हातारी डबा घेऊन जीपपाशी आली आणि म्हणाली, "बाबा, एवढं मरून राह्यला सकाळधरनं, काही खाल्लं का नाही?" मावसाजींना पुढे बरीच प्रमाणपत्रं मिळाली, पण ती भिंतीवर कधी लागली नाहीत. या म्हातारीच्या भाकरीची गोष्ट मात्र घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावी लागते.

सराव ते घरी करत. नवा दूधवाला पहिल्या आठवड्यात हमखास किटली सांडायचा आणि दुसऱ्या आठवड्यात "बाबूजी आज जल्दी निपट गए" म्हणून दूध मापून जायचा. मावशीवर तर काही परिणामच होत नसे. मावसाजी उंबऱ्यात छातीवर हात दाबून घरंगळत असले की ती त्यांना ओलांडून बाहेर जायची आणि येताना विचारायची, "झालं का मरून? मग दळण घेऊन या." मोठ्यानं ओरडायचं मरण असेल तर मात्र घरी मनाई होती. त्यासाठी ते बस धरून जसोंडीला माझ्या मामांच्या केळीच्या बागेत जात. आत, दाट केळीत शिरून मनसोक्त मरत. एकदा घड उतरवणारी माणसं कोयते टाकून धावत आली, तर हे खोडाला टेकून बसलेले. यांनी त्या माणसांनाच विचारलं, "शेवटचा हुंदका ऐकू आला का तिकडं? नाही? मग पुन्हा घ्यावा लागीन."

कोणाकडे दुखवट्याला गेले तर मावशी त्यांच्या शेजारी बसते, कोपराच्या अंतरावर. कारण घरची माणसं शोकात असताना मावसाजी अगदी कळकळीनं विचारतात, "शेवटी काही बोलले का? हात कुठं होता?" त्यात कुचेष्टा नसते. एखादा सुतार दुसऱ्याच्या घरातलं दार जसं हात फिरवून बघतो, तसं ते असतं. आणि हाच माणूस इंजेक्शनच्या सुईला इतका घाबरतो की धनुर्वाताची लस घ्यायला त्याला मावशीनं आणि मी धरून नेलं होतं. तिथे ते काही बोलले नाहीत, नुसते पांढरे पडले. "ते काही खरं नव्हतं," बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यात मजा नाही."

या मरणानं त्यांना एक शत्रूही मिळवून दिला होता, तो म्हणजे बुधवाऱ्यातले बँडमास्तर. मास्तर क्लॅरिनेट वाजवतात आणि शहरातले सगळे बँडवाले त्यांना वडील मानतात. बुधवाऱ्याच्या गणपतीत नाटक संपताना त्यांच्या बँडनं समारोपाची धून वाजवायची असा रिवाज होता. एका वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाची मिरवणूक त्यांच्यासाठी खोळंबली होती, माणसांवर माणसं बोलवायला येत होती, आणि इकडे मावसाजी विष पिऊन नुकतेच पहिल्या गुडघ्यावर आले होते. मास्तरांनी वाट बघितली, बघितली आणि शेवटी क्लॅरिनेट तोंडाला लावली. सगळा बँड मागोमाग सुटला. मावसाजी उभ्याउभ्या थिजले. पडदा त्यांच्या अंगावरच पडला. "मी जिता असताना त्यानं शेवटची धून वाजवली," हे वाक्य ते तेव्हापासून सांगत आले, आणि दरवेळी आवाज तितकाच कापायचा. मास्तरांची बाजूही काही कमी नव्हती. "मिरवणुकीतले बैल बसून गेले होते," ते सांगायचे, "आन हा माणूस अजून आईले हाका मारून राह्यला होता." तेव्हापासून दोघांमध्ये बोलणं नव्हतं. पुढच्या वर्षी नाटकवाल्यांनी बँड बंद करून डीजे आणला आणि मग विषयच संपला.

आता नीतूबद्दल सांगायला हवं. नीतू ही मावसाजींची एकुलती एक मुलगी, माझी मावसबहीण. बाहुल्यांशी खेळायच्या वयात ती बापाच्या शेजारी पडून मरायला शिकली. मुंबईला गेली ती नाटकात काम करायला, आणि पोचली व्हिडिओ गेममध्ये. गेममध्ये सैनिक, चेटकिणी, गावकरी धडाधड पडत असतात, त्यांचं ओरडणं कोणीतरी खऱ्या माणसानं बंद खोलीत माइकसमोर उभं राहून ओरडलेलं असतं. उंचावरून पडतानाचं वेगळं, पाण्यात बुडतानाचं वेगळं, बाण लागल्याचं वेगळं. नीतूचं त्यात नाव झालं होतं. मावसाजींना हे समजल्यावर ते देवापुढे पेढे ठेवून आले. "माझं मरण एका मांडवात मावायचं," ते म्हणाले, "पोरीचं घराघरात पोचलं." पानाच्या दुकानात कोणी विचारलं की मुलगी काय करते, तर सरळ सांगायचे, "मुंबईत मरते." यावरून एका लांबच्या नातेवाइकाचा रडत फोन आला तेव्हा मावशी पहिल्यांदा खरोखर चिडली.

आणि एक दिवस नीतूचा फोन आला की काम बंद आहे. गेमच्या कंपन्यांना आता कलाकारांचे आवाज मशीनला शिकवायचे होते. एकदा आवाज दिला की पुढचं सगळं मशीन त्याच आवाजात करणार, विचारायचंसुद्धा नाही. आवाजाच्या कलाकारांच्या संघटनेनं गेमचं सगळं काम थांबवलं होतं आणि स्टुडिओबाहेर मांडव घालून ते बसले होते. मी तेव्हा भुसावळहून रविवारला जोडून सुट्टी काढून आलो होतो आणि फोन स्पीकरवर होता. "बाबा, मी एकदा मेले की मशीन मला वाट्टेल तितक्या वेळा मारणार," नीतू सांगत होती, "मग मी कायला पाहिजे त्यांना?" सिनेमातले डबिंगवाले, मारामारी करणारे, ऑर्केस्ट्रातले गाणारे, सगळ्यांच्या संघटना त्यांच्या मांडवात येऊन बसत होत्या, असंही तिनं सांगितलं. ज्यांचा गेमशी काही संबंध नाही असे लोक. मावसाजींनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "मशीन मरीन कशी? मराले आधी श्वास लागते." फोन ठेवल्यावर त्यांनी मावशीला विचारलं, "पोरीचं काम जाईन का हो?" मावशी म्हणाली, "तिच्या जागी दुसरं कोणी उभं राह्यलं नाही तर नाही जायचं." हे वाक्य आम्हा सगळ्यांच्या लक्षात राहायला हवं होतं.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा मावसाजी फाटकातच उभे होते, दाढी केलेली, कडक इस्त्रीचा सदरा. बुधवाऱ्याजवळच्या एका लॉजमध्ये इंदूरहून एक तरुण येऊन उतरला होता. खोलीच्या भिंतींना त्यानं गाद्या लावून घेतल्या होत्या, मधोमध माइक ठेवला होता आणि चांगलं ओरडणारी, कण्हणारी, किंचाळणारी माणसं तो शोधत होता. आता बुऱ्हाणपुरात हे कोणालाही विचारा. चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी एकच घर दाखवलं. आयुष्यभर ज्या बोलावण्याची वाट पाहिली ते सत्तरीत दारात आलं होतं. मावसाजींनी काम काय, कोणासाठी, काही विचारलं नाही. एवढंच सांगितलं की आमच्याकडे सुपारीशिवाय काम ठरत नाही. बिचाऱ्यानं लॉजच्या माणसाला पिटाळून पानाच्या दुकानातून सुपारी मागवली आणि मावसाजींनी ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. ती आता देवघरात होती.

आनंदाची बातमी द्यायला त्यांनी माझ्यासमोर नीतूला फोन लावला. कसला गेम आहे, तिनं विचारलं. त्यांनी ऐकलं होतं तेवढं सांगितलं: जळता किल्ला आहे, तुटणारे पूल आहेत आणि वाघाच्या तोंडाचा एक सेनापती आहे. "वाघाच्या तोंडाचा?" तिनं पुन्हा विचारलं. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, तो माझा गेम आहे. आम्ही तोच सोडून बसलोय." एवढं सांगून तिनं फोन ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मावसाजी खाली बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बसताना काही अभिनय केलेला मला दिसला नाही.

इथं सुपारीचं महत्त्व सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इथल्या बँडवाल्यांचा, नाटकवाल्यांचा, ऑर्केस्ट्रावाल्यांचा एक जुना कायदा आहे. सुपारी घेतली की काम करायचंच, मग अंगात ताप असो की घरात लग्न. आणि दुसरा भाग असा, की एकानं घेतलेली सुपारी त्यानं आपल्या हातानं सोडल्याशिवाय दुसऱ्यानं उचलायची नाही. यजमानाशी भांडून एक बँड निघून गेला तर त्या दारात दुसरा बँड पाय ठेवत नाही. म्हणजे आता मावसाजींना काम केल्यावाचून सुटका नव्हती, आणि ते काम नीतूच्या मंडळींचं असल्यामुळे त्याला हात लावायचीही सोय नव्हती. मी म्हटलं, मीच जाऊन लॉजवर सुपारी देऊन येतो. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मी भुसावळची गाडी कधी आहे ते आठवू लागलो. एकट्यानं सुपारी परत केली तर तो माणूस कलावंतांतून उठतो. परत करायची एकच रीत आहे. गावातल्या सगळ्या फडांनी मिळून चालत जायचं, पुढे वाजंत्रीवाल्यांतला वडील माणूस, आणि काहीही वाजवायचं नाही. वाजंत्रीवाल्यांतला वडील माणूस म्हणजे बँडमास्तर.

दुपारी ते जेवले नाहीत, संध्याकाळी जेवले नाहीत. "खरंच मरायचं आहे का आता?" मावशीनं विचारलं आणि पदर डोळ्यांना लावला. सकाळी मावसाजी त्यांच्याच स्कूटरवर माझ्यामागे बसले आणि आम्ही मास्तरांच्या दुकानापुढे उतरलो. मास्तर फळीवर बसून क्लॅरिनेट पुसत होते. मागे खुंट्यांना लाल कोट टांगलेले. दोघांमध्ये दीड हात अंतर असेल, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत झालं. "त्यांले सांग, काम होतं," मावसाजी मला म्हणाले. "त्यांले इचार, काय काम," मास्तर मला म्हणाले. मी मान इकडून तिकडे वळवत सगळी हकीकत सांगितली: नीतू, संप, मशीन, सुपारी. मास्तरांनी ऐकून घेतलं, पुसायचं फडकं घडी करून ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलले.

"मुंबईवाले आमचे कोण लागतात? डीजे आला तवा बँडवाल्यायच्या घरी चुली थंड्या पडल्या. पोरं केळी भराले जाऊ लागली ट्रकमध्ये. तवा कोणी आलतं का आमच्यासोबत चालाले? तुमच्याच मंडळानं डीजे आणला. मशीनच होतं न ते बी."

मी आशेनं मावसाजींकडे पाहिलं. मरताना या माणसाला शब्दांची कधी वाण पडली नव्हती. आता ते नुसते एक पाऊल पुढे आले. मग त्यांनी मास्तरांकडे सरळ पाहिलं, मला मध्ये न घेता. "नाही आलो, मास्तर. मी याले पाहिजे होतं. मले राग होता तुमचा, म्हणून मीच डीजेले हो म्हटलं." हात जोडून म्हणाले, "माझ्यासाठी नका चालू. मी काय, आज आहे उद्या नाही. पण पोरीचं काम जाऊ नये."

मास्तर उठले. आता हे दार लावून घेणार असं मला वाटलं. त्यांनी खुंटीवरचा आपला कोट काढला, झटकला आणि बाह्यांत हात घातले. "दुपारी निघू," ते म्हणाले. "आन या गणपतीले डीजे नाही."

"नाही," मावसाजी म्हणाले.

"कोणत्याच मंडळात नाही."

"सगळ्या मंडळांत जाऊन सांगतो. नाही ऐकलं तर त्यांच्या दारात मरतो."

"ते नको," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "लोकायचे कामधंदे राह्यतात."

त्या दुपारी बुधवाऱ्यानं जे पाहिलं ते तिथं आधी कोणी पाहिलेलं नव्हतं. पुढे मास्तर, मागे अख्खा बँड लाल कोटांत, ढोल खांद्याला आणि पिपाण्या काखेत. त्यांच्यामागे नाट्यमंडळ, ऑर्केस्ट्रातल्या गायिकाबाई छत्री घेऊन, आणि भोंगा लावून सेलच्या जाहिराती पुकारणारे रिक्षावाले, भोंगे बंद. मध्ये मावसाजी, ओंजळीत सुपारी. आवाज फक्त चपलांचा. बँड वाजत गेला तर दुकानदार मानही वर करत नाहीत. न वाजवता निघालेला बँड पाहून मात्र सगळे गल्ले सोडून पायऱ्यांवर आले. एका कापडवाल्यानं हात जोडून विचारलं, "कौन गए?" मावसाजी म्हणाले, "अभी तक कोई नहीं."

लॉजच्या पायऱ्यांवर तो इंदूरचा तरुण उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला दया आली. मावसाजींनी त्याच्या हातावर सुपारी ठेवली, त्याची मूठ मिटली आणि तिच्यावर आपला हात ठेवला. "बेटा, ही मुंबईवाल्यांची आहे. मले माहीत नव्हतं." त्यानं गायिकाबाईंकडे पाहिलं, त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. भोंगेवाल्यांकडे पाहिलं, त्यांनी हात पाठीमागे नेले. "काकाजी, बस चिल्लाना ही तो है," तो काकुळतीला आला, "इसमें क्या दिक्कत है?" मास्तर म्हणाले, "कुछ दिक्कत नहीं. मुंबईवालों के हाथ से सुपारी ले आ, सारा बुऱ्हाणपुर सुबह से चिल्लाएगा." त्यानं साहेबांना फोन लावला. साहेबांनी खंडव्याला जायला सांगितलं. मास्तर पहिल्यांदाच हसले. खंडव्याचे बँडवाले त्यांचे व्याही होते, आणि तिकडे निरोप सकाळीच गेला होता. रावेरला, भुसावळलासुद्धा.

एवढ्यात नीतूचा व्हिडिओ कॉल आला. मीच तिला सगळं कळवत होतो. मागे तिचा मांडव दिसत होता, दाटीवाटीनं बसलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावरून बघत होती. मी फोन फिरवून त्यांना बँड दाखवला, रिक्षा दाखवल्या, छत्री दाखवली. तिकडून इतक्या जोरात टाळ्या आल्या की फोनचा आवाज फाटला. नीतूला बोलता येईना. डोळे पुसून ती एवढंच म्हणाली, "बाबा, यांना सगळ्यांना तुमचं मरण बघायचंय."

मावसाजी लाजले. खरंच लाजले. मग त्यांनी मला दम दिला, "रेकॉर्ड नाही करायचं. आता आहे तेवढं." मुंबईलाही तेच सांगितलं. तिथल्या सगळ्यांनी हात वर करून कबूल केलं. लॉजच्या पायऱ्यांवर मावसाजी डगमगले. कठडा धरला, सोडला. आईला हाक मारली. एका गुडघ्यावर आले, पुन्हा उठले. रस्त्यावर केळीचा ट्रक येऊन थांबला, त्यामागे बस, त्यामागे आणखी काय काय. इंदूरचा तरुण पायरीवर बसून तोंडावर हात धरून बघत होता. मास्तर बाजूला उभे होते, क्लॅरिनेट ओठांपाशी. त्यांचे ढोलवाले खुणावत होते, वाजवायचं का, वाजवायचं का? मास्तर मान हलवत होते. मावसाजी पालथे पडले. ढोलवाल्यानं काठी उचलली. "थांब," मास्तर हळूच म्हणाले, "अजून श्वास हाये." खरंच, मावसाजींनी एक हात उचलला, बोटं हवेत काहीतरी शोधत राहिली आणि मग हात खाली आला. मास्तरांनी त्यानंतरही थोडा वेळ जाऊ दिला. मग धून सुरू केली. मी हातात फोन धरून होतो आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

संप त्यानंतरही बरेच दिवस चालला, पण तो मोडला नाही. आता बहुतेक कंपन्यांनी मान्य केलं आहे की माणसाला विचारल्याशिवाय त्याचा आवाज मशीनला द्यायचा नाही. जळत्या किल्ल्याचा गेम आला तेव्हा त्यात नीतूच मेली, स्वतः, आपल्या श्वासानं. त्या वर्षी बुधवाऱ्याचा गणपती बँडवर गेला, आणि डबिंगवाल्यांच्या संघटनेतली काही पोरं मुंबईहून येऊन मास्तरांच्या मागे लाल कोट घालून नाचली.

मावसाजी आता थकले आहेत. डॉक्टरांनी मोठ्यानं ओरडायला बंदी केली आहे. दूधवाला म्हणतो, घर सुनं वाटतं. लॉजच्या पायऱ्यांवरचं ते त्यांचं शेवटचं मरण, आणि ते कोणाकडेही साठवलेलं नाही. कधीकधी मला वाटतं, तेव्हा गुपचूप बटण दाबलं असतं तर. पण नाही दाबलं तेच बरं. मास्तर आता रोज संध्याकाळी क्लॅरिनेटची पेटी घेऊन त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा मावसाजी त्यांना सांगत होते, "मास्तर, माझ्या वेळेले घाई नका करू हां. मागल्यासारखी."

"नाही करत," मास्तर म्हणाले. "थांबीन मी. तुमचं मरण मले माहीत हाये, भाऊसाहेब. बहुत वेळ चालते."

आतून मावशी चहा घेऊन आली. तिनं मास्तरांच्या हातात कप दिला आणि त्यांची पेटी उचलून आत, उंच फळीवर नेऊन ठेवली.